टोमॅटोतलं आंतरपीक दर हंगामात मधेच बसतं? जोडी बदलण्याआधी तारखा तपासा

टोमॅटोत कोथिंबीर, मेथी किंवा मुळा घेणाऱ्यांची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. पहिले तीन आठवडे शेत बघत राहावं असं असतं. मग कोथिंबीर लांबुडकी होऊन पिवळी पडते, टोमॅटोची फुलं गळतात, खालच्या पानांवर करपा चढतो. बांधणीला आलेल्या बायका विचारतात, पाय कुठे ठेवायचा? आणि ज्या आठवड्यात जुड्या बाजारात जायच्या, नेमकी त्याच आठवड्यात टोमॅटोवर फवारणी घ्यावी लागते. पुढच्या हंगामात बियाणं बदलतं, खत बदलतं, दुकानदार बदलतो, तरी गाडी पुन्हा तिथेच येऊन अडकते.

यावर बहुतेकांना सल्ला मिळतो तो "जोडी चुकली" असा. कोथिंबीर नको, मुळा घ्या. मुळा नको, पालक घ्या. चुकलेल्या जोड्या असतात, त्या पुढे सांगतो. पण जिथे हा घोळ दरवर्षी होतो तिथे जोडीपेक्षा तारीख चुकलेली जास्त वेळा सापडते. धाकटं पीक थोरल्याच्या सावलीत, बांधणीत आणि फवारणीत अडकलं की ते कोणतंही असो, त्याचं नुकसान होणारच. म्हणून या लिखाणातला मोठा भाग दिवस मोजण्याबद्दल आहे.

लिहिताना डोळ्यांसमोर जुन्नर, आंबेगाव, पुरंदरकडची शेतं आहेत: साडेचार-पाच फुटांवर बेड, मल्चिंग, ठिबक, तार-काठी. कोकणात किंवा विदर्भात जमीन वेगळी, पाऊस वेगळा, तिथे दिवस थोडे पुढे-मागे धरा.

आधी शेतात फिरा, मग दुकानात जा

पान तोडून कृषी सेवा केंद्रात नेलं की त्या एका पानावरून निदान होतं आणि बाटली हातात येते. आंतरपिकाच्या शेतात हे धोक्याचं आहे, कारण सावली, पाण्याचा ताण, नत्राची ओढाताण, विषाणू आणि तणनाशकाचा झोत या सगळ्यांत पान पिवळं किंवा वेडंवाकडं होऊ शकतं. पानापेक्षा शेतातला नकाशा जास्त बोलतो.

लक्षण सगळ्या शेतात सारखं असेल तर पाणी, खत किंवा सावली बघा. एका बाजूच्या बांधाकडून आत येत असेल तर शेजारच्या शेतातून काहीतरी येतंय, ती पांढरी माशी असेल नाहीतर औषधाचा झोत. एखादं झाड इथे, एखादं तिथे असं विखुरलेलं असेल तर विषाणू किंवा मर. सखल भागातच असेल तर पाणी साचतंय. आणि प्रत्येक वेळी एक तारीख लिहून ठेवा: पुनर्लागवडीपासून कितव्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पुढचं जवळजवळ सगळं त्या आकड्यावर ठरतं.

तारखांचं गणित

टोमॅटोची रोपं लावली तो दिवस शून्य धरा. साधारण विसाव्या-पंचविसाव्या दिवशी पहिली बांधणी येते. तिसाव्या दिवसाच्या आसपास फुलं जोर धरतात. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत दोन ओळींमधलं ऊन निम्म्याहून जास्त अडतं. पहिला तोडा साठ-पासष्ट दिवसांनी. म्हणजे टोमॅटो शेतात असूनही जागा मोकळी असते ती फक्त पहिल्या महिन्यात. धाकट्या पिकाला हाच महिना मिळतो. त्याच्या पलीकडे ते राहिलं की पाहुणा उरत नाही, वाटेकरी होतो.

आता धाकट्यांचे दिवस बघा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येते, थंडीत थोडी जास्त घेते. राजगिरा, लाल माठ यांचंही साधारण तेच. कोथिंबीर मात्र उगवायलाच आठ-दहा दिवस लावते आणि काढणीला पस्तीस ते पंचेचाळीस दिवस. शेपू पस्तीस-चाळीस. मुळा चाळीस-पंचेचाळीस. पालकाची पहिली कापणी महिन्याभरात होते, पण पालक पुन्हा फुटतो आणि शेतकऱ्याला दुसरी कापणी सोडवत नाही. टोमॅटोतल्या पालकाचं नुकसान बहुधा या दुसऱ्या कापणीच्या मोहात होतं.

इथून हिशोब सरळ आहे. मेथी किंवा माठ टोमॅटोच्या लागवडीच्या दिवशी पेरला तरी चालतो, तो तिसाव्या दिवसाच्या आत बाहेर पडतो. कोथिंबीर त्याच दिवशी पेरली तर ती निघेल चाळिसाव्या दिवशी किंवा त्याच्याही पुढे, म्हणजे भर सावलीत. ती पेरायची लागवडीच्या दहा ते बारा दिवस आधी. बेड तयार आहेत, मल्चिंग अंथरलंय, रोपं अजून नर्सरीत आहेत, तेव्हा सरीत कोथिंबीर पडायला हवी. रोपांची तारीख नर्सरीवाल्याने पुढे ढकलली तरी हरकत नाही, कोथिंबिरीला तेवढं ऊन जास्त मिळेल.

अजून एक गोष्ट करा, तिने चार-पाच दिवस हमखास वाचतात. धने हलके रगडून त्यांचे दोन भाग करा, बारा तास पाण्यात भिजवा, गोणपाटात दाबून ठेवा आणि मग पेरा. अख्खे धने टाकले की उगवण मागेपुढे होते, एका वाफ्यात तीन वयाची कोथिंबीर मिळते आणि काढणी लांबते. लांबलेली प्रत्येक काढणी थेट टोमॅटोच्या फवारणीवर जाऊन आदळते.

मुळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मल्चिंगच्या टोमॅटोत मुळा नको. तो उपटताना बेडची कड ढासळते, कोवळी मुळं उघडी पडतात, आणि दिवस कोथिंबिरीएवढेच घेतो. फ्लॉवर आणि कोबी तर लागवडीनंतरही दोन ते तीन महिने शेतात राहतात. त्यांना टोमॅटोच्या शेजारी स्वतंत्र पट्टा द्या, एका बेडवर बसवू नका.

पेरताना सगळ्या सऱ्या भरू नका. एक सरी पेरा, एक मोकळी सोडा. बांधणी, शेंडे वळवणं, फवारणी, ठिबकची नळी चोंदली तर बघणं, या सगळ्याला माणूस आत जाणार आहे. सगळ्या सऱ्या भरलेल्या शेतात कोथिंबीर तुडवली जाते किंवा बांधणी चार दिवस उशिरा होते, आणि उशिरा बांधलेल्या टोमॅटोच्या खालच्या फांद्या मातीला टेकून करपा वर चढतो. अर्ध्याच सऱ्या पेरून जुड्या कमी मिळतील असं वाटतं. पण चांगल्या, न तुडवलेल्या, एका वयाच्या जुड्यांना शेकड्यामागे जो भाव मिळतो तो मोजा, मग बोला.

पाणी एकाचं, आजार दुसऱ्याला

ठिबकचं पाणी मल्चिंगखाली बेडच्या मध्यावर पडतं. सरीतल्या पालेभाजीच्या मुळांपर्यंत ते पोचत नाही. पालेभाजीची मुळं वरच्या थरात असतात, तिला थोडं थोडं पण वरचेवर पाणी लागतं. मग शेतकरी दोनपैकी एक करतो: ठिबक जास्त वेळ चालवतो किंवा रेन पाईप अंथरतो.

ठिबक जास्त चालवलं की टोमॅटोच्या मुळांशी वाफसा राहत नाही, पानं फिकी पडतात, मूळकूज येते, आणि सरी तरीही कोरडीच. रेन पाईपने कोथिंबीर सुरेख येते, पण टोमॅटोची पानं रोज भिजतात. करप्याच्या बुरशीला पान ओलं राहिलेले तास लागतात आणि आपण ते तिला हाताने देतो. लवकर येणारा करपा पंधराव्या-विसाव्या दिवशीच खालच्या पानांवर गोल-गोल वलयांच्या ठिपक्यांत दिसायला लागला आणि शेतात रेन पाईप असेल, तर बुरशीनाशक बदलण्याआधी पाण्याची वेळ बदला.

सगळ्यांत बरं म्हणजे पेरलेल्या सऱ्यांना वेगळ्या व्हॉल्व्हवर एक साधी ठिबकची नळी टाकणं. खर्च होतो, पण ती नळी पुढच्या हंगामातही वापरता येते. ते जमत नसेल तर पाटाने हलकं पाणी द्या. रेन पाईपच वापरायचा असेल तर सकाळी लवकर, म्हणजे दुपारपर्यंत पानं सुकतील. संध्याकाळी अजिबात नको. पावसाळी लागवडीत सरीत कोथिंबीर घेऊच नका, कारण सरीचं कामच तेव्हा जास्तीचं पाणी बाहेर काढण्याचं असतं.

पिवळी दिसली की युरिया: इथे थांबा

कोथिंबीर पिवळी पडली की हात युरियाकडे जातो. ठिबकमधून सोडला तर तो जातो टोमॅटोला. टोमॅटो काळाभोर हिरवा होतो, शेंडे जोरात धावतात, फुलं गळतात किंवा उशिरा लागतात, आणि कोवळ्या लुसलुशीत पाल्यावर मावा, पांढरी माशी जास्त बसते. वरून पाला दाट झाल्यामुळे कोथिंबिरीला सावली वाढते आणि ती आणखी पिवळी पडते.

आधी कारण बघा. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू झालाय, रोपं बुटकी आहेत आणि ऊन भरपूर आहे, तर नत्र कमी आहे. पेरलेल्या सरीपुरतंच खत द्या: पेरणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळलेलं असेल तर सहसा वेगळं काही लागत नाही, लागलंच तर विद्राव्य १९:१९:१९ ची फक्त त्या सरीवर हलकी फवारणी. पण रोपं लांबुडकी, देठ बारीक आणि सगळा झुकाव उजेडाकडे असेल तर ती उजेडाला भुकेली आहेत. त्यावर खत नाही. जशी आहे तशी काढा, छोट्या जुड्या बांधा, आणि पुढच्या वेळी पेरणी अलीकडे ओढा.

जाता जाता शेंगवर्गीयांबद्दल. घेवडा किंवा चवळी टोमॅटोशेजारी लावली की टोमॅटोला नत्र मिळतं असं सर्रास सांगितलं जातं. मुळांवरच्या गाठींतलं नत्र आधी ते झाड स्वतः वापरतं. शेजाऱ्याला त्याच हंगामात फारच थोडं मिळतं. फायदा होतो तो मुळं आणि पाला जमिनीत कुजल्यावर, पुढच्या पिकाला, तोही पाला उपटून बाहेर टाकला नाही तर. म्हणून चवळी जरूर लावा, पण तिच्या भरवशावर टोमॅटोचा डोस कापू नका.

फवारणी: इथे तडजोड नाही

आता सगळ्यांत गंभीर भाग. टोमॅटोवर पांढरी माशी, फुलकिडे, नागअळी, करपा, फळ पोखरणारी अळी, एवढं सगळं येतं. औषधाच्या प्रत्येक लेबलवर पीक लिहिलेलं असतं आणि त्या पिकासाठी फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं तेही. हा प्रतीक्षा कालावधी टोमॅटोसाठी दिलेला असतो. कोथिंबिरीसाठी नाही. टोमॅटो गोल, गुळगुळीत, पुसता आणि धुता येणारा. कोथिंबिरीची सगळी काढणी म्हणजे पानच, वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग कितीतरी मोठा, औषध धरून ठेवणारा. आणि ती आपल्याकडे पोह्यांवर, भेळेवर, आमटीवर कच्ची पडते. टोमॅटोसाठी तीन दिवस लिहिलेत म्हणून कोथिंबीर तीन दिवसांनी काढणं हा हिशोबच चुकीचा आहे.

दुसरा रस्ता दिसत नाही म्हणून जास्त वाईट आहे. लागवडीनंतर आठ-दहा दिवसांत अनेक जण ठिबकमधून किंवा बुडाशी कीटकनाशकाची आळवणी करतात. ही औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे मुळं ती शोषून पानात नेतात. त्याच ओल्या मातीत मेथीची मुळं असतील तर तीही शोषतात. वरून एक थेंब पडलेला नसतो, शेतकरी मनापासून सांगतो की मेथीवर काही मारलं नाही, आणि मेथीत औषध असतं. म्हणून बेडच्या ज्या भागात आळवणी होते तिथे पालेभाजी नकोच. सरीतच, आणि ठिबकच्या ओलीबाहेर.

मग करायचं काय? टोमॅटोचे पहिले पंचवीस-तीस दिवस रासायनिक कीटकनाशकाशिवाय काढता येतात, पण त्याची तयारी लागवडीआधी लागते. रोपं चाळीस-पन्नास मेशच्या जाळीत वाढलेली घ्या, म्हणजे पांढरी माशी नर्सरीतूनच शेतात येणार नाही. मल्चिंगची चंदेरी बाजू वर ठेवा, तिच्या चकाकीने मावा, पांढरी माशी, फुलकिडे काही प्रमाणात बिचकतात. पालेभाजी बेडवर लोळू दिली तर ती चकाकी झाकली जाते, म्हणून सरीतली ओळ कडेपासून वीतभर आत. पिवळे आणि निळे चिकट सापळे रोपांच्या उंचीवर. पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्यातून एकदा, संध्याकाळी.

एवढं करूनही कधी पंधराव्या दिवशीच औषध मारावं लागतं. टोमॅटो हे मुख्य पीक आहे, त्याला वाचवलंच पाहिजे. अशा वेळी त्या सऱ्यांमधली कोथिंबीर विकू नका. खुरप्याने कापा आणि तिथेच मातीत दाबा. शेकड्याचा भाव चढलेला असताना हे किती जड जातं ते मला माहीत आहे. पण ती जुडी ज्या घरात जाते तिथे कोणी लेबल वाचणार नाही, वाचणारे आपणच आहोत. घरच्या माणसांना जी भाजी देणार नाही ती जाळीत भरायची नाही, एवढं ठरवलं की निर्णय घ्यायला वेळ लागत नाही.

बोकड्या, की शेजारच्या उसावरचं तणनाशक?

पानं बारीक, वळलेली, शेंडा आखडलेला दिसला की शेतकरी म्हणतो बोकड्या आला, चुरडा-मुरडा आला. बऱ्याचदा असतोच. पर्णगुच्छाचा विषाणू पांढरी माशी आणते, पानांच्या कडा वर वळतात, पिवळ्या पडतात, झाड खुजं राहून झुडपासारखं होतं. पण ऊसपट्ट्यात अजून एक संशयित असतो: २,४-डी. शेजारी उसातलं रुंद पानाचं तण मारायला हे वापरतात आणि टोमॅटो त्याला फार नाजूक आहे. वाऱ्यावर आलेला हलका झोतही पुरतो. देठ खाली वाकतात, खोड पिळवटतं, नवीन पानं दोरीसारखी बारीक होतात आणि त्यांच्या शिरा समांतर दिसायला लागतात.

काकडीचा मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही, यानेही टोमॅटोची पानं अशीच बारीक होतात. त्यामुळे नुसत्या पानावरून ठरवू नका. नकाशा बघा. झोत लागला असेल तर एक-दोन दिवसांत, एका बाजूची सगळी झाडं एकदम, बांधाजवळ जास्त आणि आत जाताना कमी. जवळच्या दोडक्यावर, मिरचीवर, बांधावरच्या रुंद पानाच्या तणावरही तसाच पीळ दिसतो. विषाणू असेल तर झाडं विखुरलेली असतात आणि आठवड्यागणिक वाढत जातात. झोत हलका असेल तर झाडं पुढे नवीन नीट फुटवा काढतात, ती उपटायची घाई करू नका. विषाणूचं झाड सावरत नाही. सुरुवातीला दिसलं की उपटा, पिशवीत घालून बाहेर न्या; बांधावर टाकलं तर त्यावरची माशी परत आत येते.

आणि हे शेजाऱ्यावर ढकलण्याआधी घरचा पंप बघा. तणनाशक मारलेल्या पंपातून, वरवर धुऊन, टोमॅटोवर फवारणी झाली की हेच सगळं होतं, फक्त बांधाकडून नाही तर ज्या ओळींपासून फवारायला सुरुवात केली तिथून. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा. आंतरपिकाच्या शेतात उभ्या पिकात तणनाशक वापरणं मुळातच अवघड असतं: कांद्यात चालणारं औषध शेजारच्या टोमॅटोला भाजतं, आणि गवतवर्गीय तण मारणारं क्विझालोफॉप कडेच्या मक्यालाही मारतं. अशा शेतात खुरपणीच धरा आणि मजुरीचा तो खर्च आधीच हिशोबात घ्या.

खरोखर चुकलेल्या जोड्या

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एका शेतात शेजारी-शेजारी नकोत. एकाची पांढरी माशी दुसऱ्याला, एकाची मर दुसऱ्याला. २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळलेली टुटा नागअळी टोमॅटोबरोबर बटाट्यावर आणि वांग्यावरही जगते. भेंडीचा केवडा आणि टोमॅटोचा पर्णगुच्छ हे विषाणू वेगळे, पण दोन्ही पांढऱ्या माशीच्या पाठीवरून येतात आणि भेंडी त्या माशीचं आवडतं घर आहे.

काकडी, दोडका, भोपळा टोमॅटोच्या वाऱ्याच्या बाजूला घेताना जास्त विचार करा. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, साताऱ्याकडे टोमॅटोची फळं पिवळी-हिरवी-लाल अशी विचित्र रंगली आणि शेतकऱ्यांनी त्याला "तिरंगा" नाव दिलं. तेव्हा तपासलेल्या नमुन्यांत जे विषाणू निघाले त्यांत सीएमव्ही होता. तो मावा पसरवतो आणि वेलवर्गीय भाज्या त्याच्या यजमान आहेत. अडचण अशी की मावा एका पानात सोंड खुपसून दुसऱ्यात खुपसतो तेवढ्या क्षणांत विषाणू पोचवतो. औषधाने मावा मरेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं. म्हणून सीएमव्हीवर मावा मारण्यापेक्षा त्याला अडवणं उपयोगी: शेताभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी. बाहेरून आलेला मावा आधी मक्यावर सोंड मारतो आणि तिथेच सोंडेवरचा विषाणू पुसला जातो.

इथेही तारीख आहेच. मका टोमॅटोच्या दिवशी टोकला तर टोमॅटो सर्वांत कोवळा असताना मका वीतभर असतो आणि काही अडवत नाही. लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी टोका. २०१८ पासून मक्यावर अमेरिकन लष्करी अळी येते, तिने पोंगा खाल्ला की भिंतीला भगदाड पडतं, तेव्हा आठवड्यातून एकदा पोंगे बघा. मक्यावर दिसणाऱ्या निळसर माव्याला घाबरू नका, तो गवतवर्गीयांवर राहणारा आहे, टोमॅटोवर घर करत नाही. उलट त्याच्यामुळे ढालकिडे शेतात टिकतात.

झेंडू लावला तरी अळी फळात

फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडू लावा हे सगळ्यांना माहीत आहे, आणि "लावला होता, उपयोग झाला नाही" हेही तेवढंच ऐकू येतं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस नुसता झेंडू अशी नाही. टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची १ ओळ, आणि लागवडीच्या दिवशी झेंडूचं रोप ४० दिवसांचं तर टोमॅटोचं २५ दिवसांचं. सगळी मेख या पंधरा दिवसांत आहे. मादी पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालायला येते. टोमॅटो फुलावर येताना झेंडूला कळ्याच नसतील तर ती टोमॅटोवरच घालणार. नर्सरीत दोन्ही रोपं एकाच दिवशी सांगितली जातात आणि सापळा रिकामाच राहतो.

बुटका झेंडू घेतला तर तो टोमॅटोखाली दबतो. अंडी-अळ्या असलेली फुलं खुडून बांधावर फेकली तर अळ्या चालत परत येतात. ती पुरा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. दसऱ्याच्या तोंडावर सगळी फुलं एकदम तोडून बाजारात नेली की टोमॅटो उघडा पडतो. फुलं विकायचीच आहेत, विकावीतच, पण टप्प्याने तोडा आणि त्या आठवड्यात टोमॅटोकडे जास्त लक्ष द्या. लहान अळ्या दिसल्या तर एचएएनपीव्ही, म्हणजे या अळीला मारणारा विषाणू, हेक्टरी २५० एलई (त्याची मात्रा मोजायचं एकक) ऊन उतरल्यावर फवारा, कारण उन्हाने हा विषाणू निकामी होतो. कडक उन्हाळ्यात झेंडूवर लाल कोळी वाढतो, तो टोमॅटोकडे सरकतोय का ते पानाच्या खालून बघत राहा.

झेंडूने सूत्रकृमी जातात हेही खरं, पण १६ ओळींत एका ओळीने नाही. त्यासाठी गाठींचा त्रास असलेल्या जागेत दोन-तीन महिने दाट झेंडू घ्यावा लागतो.

कोबीत मोहरीचंही असंच. शिफारस कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळींची, एक कोबीच्या लागवडीआधी १५ दिवस आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. दोन्ही एकाच दिवशी पेरल्या की त्या एकदमच जून होतात आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला मागाहून कोबीशिवाय दुसरं काही उरत नाही.

फायदा झाला का, हे कसं ठरवायचं

कोथिंबिरीचे पैसे रोख आणि लवकर हातात येतात, म्हणून ते दिसतात. टोमॅटोचं झालेलं नुकसान दिसत नाही, कारण तुलना करायला काही नसतं. दोन बेड मुद्दाम निव्वळ टोमॅटोचे ठेवा. वाण तेच, लागवड त्याच दिवशी, खत-पाणी तेच. त्या दोन बेडचे क्रेट वेगळे मोजा.

समजा निव्वळ टोमॅटोला १०० क्रेट निघाले आणि तेवढ्याच जागेत आंतरपिकाच्या टोमॅटोला ९०. निव्वळ कोथिंबिरीच्या तेवढ्याच जागेत जेवढ्या जुड्या आल्या असत्या त्याच्या ४० टक्के जुड्या आल्या. ०.९० अधिक ०.४० म्हणजे १.३०. एकापेक्षा जास्त आकडा आला, म्हणजे जमीन चांगली वापरली गेली. पण इथे थांबू नका. त्या दहा क्रेटचे त्या वेळच्या भावाने किती झाले आणि जुड्यांचे, काढणी-बांधणीची मजुरी वजा जाता, किती उरले हे शेजारी मांडा. टोमॅटोचा भाव चढलेल्या वर्षी दहा क्रेट कोथिंबिरीचे सगळे पैसे गिळू शकतात. पडलेल्या वर्षी कोथिंबीरच बियाण्याचा आणि मल्चिंगचा खर्च काढून देते.

आंतरपिकाचे क्रेट ९० च्या खाली गेले असतील तर वहीतल्या तारखांकडे जा: कोथिंबीर कितव्या दिवशी निघाली, पहिली बांधणी कितव्या दिवशी झाली, पहिली फवारणी कितव्या दिवशी. कोथिंबिरीची तारीख बाकी दोन्हींच्या नंतरची असेल तर बियाणं, खत, जोडी काहीही न बदलता पुढच्या हंगामात फक्त तिची पेरणी तेवढे दिवस अलीकडे घ्या आणि ते दोन निव्वळ बेड पुन्हा ठेवा.